मनकुलूप

फसलेल्या माणसाची मला कधी कीव आली नाही. चीड मात्र आली, आणि ती भरपूर आली. एकोणीस वर्षं मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींच्या टेबलाशी काढली. समोर निवृत्त हेडमास्तर बसलेला असो की द्राक्ष बागायतदार, रडगाणं तेच. मॅडम, फोन आला होता. मॅडम, माणूस फार सभ्य बोलत होता हो. मॅडम, त्यानं ओटीपी मागितला. मग दिलात का? दिला. का दिलात? त्यानं मागितला म्हणून. उद्या तो घराची किल्ली मागेल, तीही देणार का, असं मी विचारलं की हेडमास्तर खाली बघायचे आणि बागायतदार म्हणायचा, किल्ली कशी देईन मॅडम, मी काय खुळा आहे का. मी फॉर्मवर 'खातेदाराचा निष्काळजीपणा' असं लिहून शिक्का मारायची आणि पुढचं टोकन बोलवायची.

मी रत्नप्रभा मगदूम. लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्या चौघांपैकी एकालाही धड प्रश्न विचारता येत नव्हता. २०३६ साली निवृत्त झाले, त्याला आता तीन वर्षं झाली. विश्रामबागेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि नोकरीत होते तेव्हापासून गावोगावी 'खातं सांभाळा' या विषयावर व्याख्यानं देते. लोक टाळ्या वाजवतात, चहा पितात, घरी जातात आणि पुन्हा फसतात. असो.

मनकुलूप आणण्यात माझाही हात आहे, म्हणून ते काय आहे हे आधी सांगते.

पूर्वी चोर खातं फोडायचा. पासवर्ड चोरायचा, सिमकार्डाची नक्कल काढायचा. मग आवाज आणि चेहरे नकली बनवता यायला लागले. दोन सेकंदांचं बोलणं मिळालं की तुमचा आवाज तयार, एक फोटो मिळाला की तुमचा चालताबोलता चेहरा तयार. अंगठा, डोळा, चेहरा, सगळ्या किल्ल्या निकामी झाल्या. पुढं पुढं तर चोरांनी खातं फोडायचे कष्टच सोडले. ते खातेदारालाच फोडायला लागले. पोलिस बोलतोय म्हणून घाबरवायचं, मुलाला अपघात झालाय म्हणून रडवायचं, लॉटरी लागली म्हणून हुरळवायचं. घाबरलेला, रडणारा किंवा हुरळलेला माणूस मग स्वतःच्या अंगठ्यानं, स्वतःच्या फोनवरून, राजीखुशीनं पैसे पाठवतो. अशा चोरीला कुठलं कुलूप लावणार? खात्याला लावून उपयोग नाही. माणसाच्या मनालाच लावायला हवं.

ते लागलं मनगटावरच्या पट्टीत. आपल्याला वाटतं, हृदय घड्याळासारखं एका तालात चालतं. तसं नसतं. दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी किंचित कमी-जास्त होतं, आणि या कमी-जास्तपणाची प्रत्येकाची एक ठेवण असते. माणूस घाबरला, गहिवरला, लोभावला की ती ठेवण बिघडते. तळहाताला घाम सुटतो, तो डोळ्याला दिसायच्या आत पट्टीला कळतो. काचेवर टेकलेल्या बोटाची थरथर, बोलताना दोन शब्दांमधली फट, हे सगळं पट्टी महिनाभर टिपते आणि तुम्ही 'तुम्ही' असता तेव्हा कसे असता ते शिकते. नंतर पैसे पाठवताना तुम्ही तसे नसाल तर व्यवहार थांबतो. दोनदा थांबला की पट्टीवर लाल दिवा लागतो, तो हिरवा झाल्याशिवाय पुन्हा बोट टेकवायचं नाही, आणि तीनदा थांबला की खातं बहात्तर तास बंद.

मनकुलपाचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या समितीत खातेदारांची प्रतिनिधी म्हणून मी होते. बाकीचे सदस्य म्हणजे नुसती खोगीरभरती. एक डॉक्टर होते, ते दर बैठकीत म्हणायचे, अडीअडचणीला सूट ठेवूया, माणूस खरोखरच संकटात असू शकतो. मी त्यांना विचारलं, सूट कुणाला देणार? रडणाऱ्याला? अहो, चोर रडवतोच त्यासाठी. सूट ठेवली की चोर त्याच दारातून येणार. गोळी खाऊन शांत होणाऱ्यालाही पट्टीनं ओळखलं पाहिजे, नाहीतर चोर आधी गोळी खायला लावेल. माझं म्हणणं मंजूर झालं. डॉक्टर चहा न घेता निघून गेले.

चोऱ्या पुष्कळ कमी झाल्या, हे कुणीही कबूल करेल. पण लोक ते लोकच. मुलीच्या लग्नात बापाचे पैसे अडकायला लागले, कारण त्याचे डोळे भरून आलेले. मग हॉलवाल्याचं बिल भरायला घरातला सर्वात कोरडा माणूस शोधायचा, असा रिवाज पडला. देवळातली देणगी आरतीच्या आधी घ्यायला लागले, कारण आरतीनंतर कुणाचंच कुलूप उघडेना. माझ्या शेजारचे जोगळेकर भाजी घेताना भाजीवाल्याकडं बघतसुद्धा नाहीत, बघितलं की दया येते म्हणे. माझं कुलूप मात्र एकदाही अडलं नाही. मी हे व्याख्यानात सांगायची, अभिमानानंच सांगायची.

व्याख्यानातला सगळ्यात लोकप्रिय भाग म्हणजे 'एक बाई'. ही बाई माझी सख्खी धाकटी बहीण, पद्मजा. आम्ही तिला पमी म्हणतो, म्हणजे म्हणायचो.

पमी वारणाकाठी आमणगावात असते. यजमान लवकर गेले, शिवणाचे क्लास घेते. आई तिच्याकडं होती. नऊ वर्षांपूर्वी, मनकुलूप यायच्या आधी, आईचं ऑपरेशन ठरलं आणि त्यासाठी ठेवलेले पैसे पमीच्या खात्यात होते. तिला फोन आला माझ्या आवाजात. चोरानं माझं कुठलं तरी भाषण उचललं होतं. तो माझ्या आवाजात म्हणाला, पमे बाळा, किती दमतेस गं तू, आईचं सगळं एकटी करतेस, मी काहीच करत नाही, आता एवढं तरी मला करू दे, फोनवर आलाय तो नंबर सांग. पमीनं नंबर सांगितला आणि पाच मिनिटांत खातं रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी ती पतसंस्थेत आली. मी तिला इतरांसारखंच टोकन घ्यायला लावलं, फॉर्म भरायला लावला आणि शिक्का मारला. ऑपरेशन मी माझ्या पैशांतून केलं. आई चार महिन्यांनी गेली, पण ती त्यामुळं नव्हे.

शिक्क्याचं पमीनं सहन केलं. व्याख्यानाचं नाही केलं. मी नाव घेत नव्हते, पण जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. तिनं माझ्याशी अबोला धरला तो आजतागायत. आमच्याकडं अबोला म्हणजे भेटणं बंद नव्हे. लग्नकार्यात शेजारी शेजारी बसायचं, पण बोलायचं तिसऱ्या माणसाच्या तोंडून. काकू, त्यांना सांगा, चटणी सरकवा म्हणावं. काकू, त्यांना सांगा, घ्या म्हणावं. चटणी दोघींच्या मध्ये ठेवलेली. मी म्हटलं, कर पोरकटपणा किती करायचा तो.

यंदा ऑगस्टात धरणाचं पाणी सोडलं आणि नद्या चढल्या. विश्रामबाग उंचावर, आमच्या दाराशी कधी पाणी येत नाही. पूर आला की चोरांची सुगी असते, हे मला पाठ आहे. सकाळी साडेदहाला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पमीचा चेहरा, केस ओले, हमसून हमसून रडतेय. अक्का, मला वाचव गं, अक्का, पैसे पाठव. मी चहाचा घोट घेतला आणि त्या चेहऱ्याला सांगितलं की मेल्या, धंदा बदल. फोन ठेवला. काय अक्कल आहे बघा. एवढं तंत्रज्ञान हाताशी, आणि या घरात अबोला आहे हे शोधता आलं नाही.

पंधरा मिनिटांनी दुसऱ्या नंबरवरून साधा कॉल आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, मागं पाण्याचा घोगरा खळखळाट आणि एक रेडकू ओरडत होतं.

"नमस्कार बाई. मी शिवगोंडा पाटील बोलतोय, आमणगावचा. हितं तुमच्या बहीणबाई हाईत गच्चीवर. त्या तुमच्यासंगं बोलत न्हाईत म्हणत्यात. पर तुमास्नी सांगा म्हणत्यात, की बारा माणसं हाईत आणि नावंचं पैसं भरायला पायजेत."

मागून पमीचा आवाज आला, तात्या, त्यांना सांगा, आमच्या सगळ्यांची कुलपं अडली म्हणावं.

मी कप खाली ठेवला. बुडायची वेळ आलेली, आणि ही बया 'त्यांना सांगा' करत बसलेली. असला मूर्खपणा कुठल्या चोराच्या बापाला सुचणार नाही. ती पमीच होती.

तात्यांनी तुकड्या तुकड्यांनी सांगितलं ते असं. सरकारी नावा दोन आणि गावं सात, आमणगावचा नंबर संध्याकाळी. खाजगी कंपनीच्या बिनमाणसांच्या नावा मात्र माळावर रांगेत उभ्या. कंपनीनं प्रत्येक गच्चीला दिलेला आकडा टाकायचा, पैसे भरायचे, की नाव आपोआप निघते. भरले नाहीत तर निघत नाही, कारण नावेत माणूसच नाही, हातापाया कुणाच्या पडणार. पैसे प्रत्येकाच्या खात्यात होते. तात्यांच्या खात्यात तर उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं. पण बाराही जण घाबरलेले. एकेकानं पैसे भरायचा प्रयत्न केला आणि पट्ट्यांनी एकेकाला सांगितलं, आपण आत्ता आपल्या नेहमीच्या मनःस्थितीत नाही, आपल्या सुरक्षेसाठी व्यवहार थांबवला आहे. बारा माणसं, बारा भरलेली खाती, बारा कुलपं. जिन्याच्या सहा पायऱ्या कोरड्या होत्या आणि पंधरा-एक मिनिटांत एक बुडत होती. तात्या म्हणाले, बहीणबाईंनीच सांगितलं की आमच्या अक्काचं कुलूप कधी अडत न्हाई.

मी म्हटलं, एवढंच ना? आकडा सांगा.

आकडा टाकला, रक्कम टाकली, बोट टेकवलं. मनगटाला झटका बसला आणि फोनवर लाल अक्षरं आली. आपण आत्ता आपल्या नेहमीच्या मनःस्थितीत नाही.

पहिल्यांदा मला रागच आला. मला सांगतेय ही पट्टी? जिचे नियम मी लिहिले ती? मी तोंडावर पाणी मारलं, खुर्चीत ताठ बसले, शंभरपासून उलटे आकडे म्हटले आणि पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा लाल. तेव्हा मी हाताकडं बघितलं. हात थरथरत होता. पमीचा तो 'त्यांना सांगा' कानात बसला होता. बासष्टाव्या वर्षी मला समजलं की मी घाबरलेय. माझ्या पमीसाठी घाबरलेय. आता एकच संधी उरली होती.

मी पायांत चप्पल न घालता जोगळेकरांच्या दारात गेले. त्यांना सांगितलं, बहीण पुरात अडकलीय, माझं कुलूप अडलंय, तुम्ही पैसे भरा, कुलूप उघडलं की मी देते. जोगळेकर माझे पुढच्या रांगेतले श्रोते. ते माझ्याकडं अविश्वासानं बघत राहिले. मग म्हणाले, मॅडम, पूर, नातेवाईक, घाई आणि तिसऱ्याचं खातं, ही चारही लक्षणं तुम्हीच शिकवलीत. तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? मी त्यांच्या अंगावर ओरडले. त्यावर ते म्हणाले, बघा, मॅडम कधी अशा ओरडत नाहीत. आणि त्यांनी दार लावलं. आतून कडीचाही आवाज आला.

अशी माणसं मी तयार केली होती. वर्षानुवर्षं, गावोगाव जाऊन.

घरात येऊन मी तात्यांना फोन लावला. चार पायऱ्या उरल्या होत्या. मी सांगितलं की माझंही अडलं, दोनदा. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली.

"अक्का, तुझं अडलं?"

नऊ वर्षांनी ती थेट बोलत होती. मी हो म्हटलं.

"माझ्यासाठी अडलं?"

मला तिच्या आवाजाचं आश्चर्य वाटलं. पाणी चार पायऱ्यांवर येऊन ठेपलेलं, आणि हिच्या आवाजात जरासा आनंद. मी म्हटलं, पमे, हे विचारायची वेळ आहे का, शांत कशी होऊ ते सांग. गोळी चालणार नाही. उलटे आकडे म्हणून झाले. काही लागू पडत नाही.

ती म्हणाली, "व्याख्यान दे."

मला कळलं नाही.

"माझं. 'एक बाई'चं. मी आष्ट्याला आले होते एकदा, मागच्या रांगेत बसले होते. ते सांगताना तुझा हात जरासुद्धा हलत नाही. ग्लासातलं पाणी पितेस, माणसं हसायची थांबेपर्यंत वाट बघतेस. तुझ्या पट्टीला ती तू चांगली माहीत असशील. सुरू कर."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तीन पायऱ्या राहतील आता. मी फोन बंद करून मनातल्या मनात बोलते असंही म्हणून बघितलं. त्यावर ती म्हणाली, माणसं समोर असल्याशिवाय तुला रंग चढत नाही. मी स्पीकरवर टाकते, अकरा माणसं ऐकतील आणि मी.

मी फोन टेबलावर ठेवला. उभी राहिले, कारण बसून मी कधी बोललेले नाही. सुरुवातीला शब्द नीट येईनात. सभ्य स्त्री-पुरुषहो, आपल्याच जिल्ह्यात एक बाई राहतात. बाई शिकलेल्या आहेत बरं का, बी.ए. आहेत. पट्टीवरचा दिवा लालच. बाईंच्या आई आजारी. बाईंना फोन येतो. कुणाचा? सख्ख्या बहिणीचा. आता ही बहीण कशी आहे? फटकळ. जन्मात कुणाशी गोड बोललेली नाही. बाई तिला पन्नास वर्षं ओळखतात.

इथं मी नेहमी थांबते आणि पाणी पिते. प्यायले. दिवा पिवळा झाला.

मग काय झालं ते मला सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला रंग चढला. मी पमीला विसरले. गच्ची, पाणी, पायऱ्या सगळं मागं पडलं आणि समोर उरली ती नेहमीची बावळट बाई, जिला साधा विचार करता आला नाही, जिला माझ्या आणि चोराच्या आवाजातला फरक कळला नाही, जिचा फॉर्म माझ्या टेबलावर आल्यावर सगळं ऑफिस माझ्याकडं बघत होतं. ती जुनी चीड जशीच्या तशी वर आली, आणि ती आली की मला किती बरं वाटतं हेही कळलं. हात थांबला. श्वास जागेवर आला. आणि फोनवरची बहीण काय म्हणते? पमे बाळा, किती दमतेस गं तू. लोकहो, ज्या बहिणीनं जन्मात बाळ म्हटलं नाही ती आज बाळ म्हणते, आणि या बाईंना संशय येत नाही. का येत नाही? तर म्हणे, मला बरं वाटलं. अहो, बरं वाटलं म्हणून कुणी खातं रिकामं करतं का? असल्या माणसाला कुलूप लावून उपयोग नाही, असल्या माणसाला कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावं.

या वाक्याला हशा हमखास येतो. मी सवयीनं थांबले. फोनमधून नुसता पाण्याचा आवाज येत होता.

दिवा हिरवा होता. मी बोट टेकवलं आणि पैसे गेले.

तात्यांनी फोन घेतला आणि सांगितलं की सुटलं, नाव निघाली म्हणून मेसेज आलाय. मी पमीला फोन द्या म्हटलं. ते जरा अडखळले, मग म्हणाले, बहीणबाई तिकडं कठड्याकडं गेल्यात. पाऊण तासानं दोन खेपांत बाराही माणसं माळावर पोचली. रेडकूही पोचलं.

चौथ्या दिवशी मी सांगलीतल्या शाळेत भरलेल्या छावणीत गेले. पिशवीत दोन साड्या, शाल आणि तिला आवडतात म्हणून बेसनाचे लाडू घेतले होते. लाडू करायला मला दोन दिवस लागले, पहिली खेप करपली. वाटेत मी एकच गोष्ट ठरवली होती. कसंही करून तिला पटवायचं की मी बोलले ते तोंडदेखलं होतं.

पमी पाचवीच्या वर्गात एका बाकावर बसली होती. तोंड फिरवलं नाही, मध्ये कुणाला घातलं नाही. मला बाकावर जागा करून दिली, तब्येत विचारली. लाडवाचा वास घेऊन म्हणाली, तूप जास्त झालंय. मला वाटलं, संपला अबोला. मी तिला म्हटलं, घर वाळेपर्यंत माझ्याकडं चल, एक खोली मोकळीच आहे. ती म्हणाली, नको, इथं क्लासच्या चौघीजणी आहेत, बरी आहे मी.

मग मी ठरवलेलं बोलले. "पमे, ते त्या दिवशीचं सगळं नाटक होतं. पैसे सुटावेत म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. समजूत घालावी तसं.

"नाटकाला कुलूप उघडत नाही, अक्का. तूच तसं करून घेतलंस ना."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला. वरांड्यात कुणीतरी जेवणाची वर्दी दिली, तशी ती उठली आणि साडीच्या निऱ्या सारख्या करायला लागली.

"तुला एक सांगू का?" ती म्हणाली. "तू पाणी प्यायला थांबलीस ना, तेव्हा खाली तीन पायऱ्या होत्या. तात्यांनी हात जोडले होते. सगळे देवाला म्हणत होते, सुटू देत पैसे. आणि मी म्हणत होते, अडकू देत, माझ्यासाठी अडकू देत. अकरा माणसं होती माझ्याबरोबर गच्चीवर, तरी म्हणत होते."